‘अ’ या अक्षराची घडण : अजिंठ्याच्या परिसरातून एक लिपिविचार

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात भाषेचा इतिहास शिकविला जातो, साहित्याचा इतिहासही शिकविला जातो. परंतु ज्या चिन्हांच्या द्वारे ही भाषा व हे साहित्य आपल्यापर्यंत पोचले, त्या चिन्हांचा इतिहास बहुधा एखाद्या प्रास्ताविक परिच्छेदात आटोपतो. विद्यार्थी ‘लीळाचरित्र’ किंवा ‘ज्ञानेश्वरी’ वाचतो ती मुद्रित प्रतीवरून. त्या प्रतीतील अक्षरे शाळेतल्या पाटीवरील अक्षरांसारखीच असल्यामुळे अक्षराचे रूप कायमचे ठरलेले आहे, असा समज नकळत दृढ होतो. पुढे तोच विद्यार्थी संशोधनासाठी हस्तलिखितापुढे बसला की हा समज त्याला अडचणीत आणतो. समोरचे वळण चुकीचे आहे, जुने आहे की केवळ वेगळ्या लेखणीचे आहे, हे ठरविण्याचे साधन त्याच्यापाशी नसते.

प्रस्तुत लेखात ‘अ’ या एकाच अक्षराचा मागोवा घ्यावयाचा आहे. चिनी लिपीच्या अभ्यासकांमध्ये एकेका शब्दचिन्हाचा असा स्वतंत्र विचार करण्याची पद्धत जुनी आहे. एखादे चिन्ह प्राचीन अस्थींवर कसे कोरले जात होते, मुद्रालिपीत ते कसे झाले, कुंचल्याने त्याला कोणते वळण दिले, याची संगती ते लावतात. आपल्या वर्णाक्षरांचा असा विचार पुरालेखविद्येत झाला आहे. मात्र साहित्याच्या अभ्यासकाने तो आपला मानलेला नाही. अक्षराचे रूप तीन गोष्टींतून घडते : लेखनाचे साधन, लेखनाचे पृष्ठ आणि लिहिणाऱ्या समाजाने वेळोवेळी घेतलेले निर्णय. या तिन्हींचा विचार केल्याखेरीज अक्षराच्या रूपावरून ग्रंथाविषयी कोणतेही अनुमान करणे धोक्याचे आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

या मागोव्यासाठी जालना जिल्ह्यातील धावडा हे गाव आरंभस्थान म्हणून सोयीचे आहे. भोकरदन तालुक्यातील हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेलगत वसले आहे. त्याच्या एका बाजूस अजिंठ्याची लेणी, दुसऱ्या बाजूस प्राचीन भोगवर्धन म्हणजे आजचे भोकरदन, आणि याच तालुक्यात महानुभाव पंथाचे तीर्थस्थान असलेला जाळीचा देव. दगडावरील ब्राह्मी, पोथीतील बाळबोध व सांकेतिक लिपी आणि दप्तरातील मोडी या साऱ्या लेखनपरंपरांचा संबंध या एवढ्याशा टापूशी येतो.

१. ध्वनी आणि चिन्ह

‘अ’च्या बाबतीत प्रथम एक विसंगती ध्यानात घ्यावयास हवी. अकार हा आपल्या भाषांतील अत्यंत वारंवार येणारा स्वर आहे. तथापि त्याचे चिन्ह तुलनेने फार थोड्या वेळा लिहिले जाते. व्यंजनाच्या चिन्हातच अकार गृहीत असल्यामुळे ‘कमळ’ या शब्दात तो उच्चारला जातो, परंतु दिसत नाही. चिन्हरूपाने तो प्रकट होतो तो मुख्यतः शब्दारंभी, किंवा क्वचित दोन स्वर लागोपाठ आले असता.

परंपरेने या अक्षराला दिलेले महत्त्व सर्वज्ञात आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायातील विभूतींमध्ये अक्षरांपैकी अकाराचा उल्लेख आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीचे अखेरचे सूत्र अकाराच्या उच्चाराविषयीच आहे. ज्ञानेश्वरीच्या आरंभीच्या नमनात ओंकाररूप गणेशाच्या चरणांच्या ठिकाणी अकाराची कल्पना केली आहे. मात्र हे सारे विवेचन ध्वनीचे आहे, आकृतीचे नव्हे. ध्वनी तोच राहिला आणि आकृती बदलत गेली. आपला विषय ही आकृती होय.

२. दगडावरील ‘अ’

अशोककालीन ब्राह्मीतील ‘अ’ अत्यंत साधा आहे. उजवीकडे एक उभा दंड आणि त्याच्या मध्याशी डावीकडून येऊन मिळणाऱ्या दोन तिरप्या रेषा, एवढीच त्याची रचना. त्याला शिरोरेषा नाही, गाठ नाही, रेषेच्या जाडीत ठळक भेद नाही. दंडाच्या उजव्या बाजूस एक लहान आडवी रेघ दिली की ‘आ’ होतो. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचे वाचन सिद्ध केल्यानंतर या आकृतीच्या उगमाविषयी वाद झाला. ब्यूलरने ब्राह्मीचा संबंध सेमिटिक लिपींशी जोडला. गौरीशंकर हीराचंद ओझा यांनी ‘भारतीय प्राचीन लिपिमाला’ या ग्रंथात ब्राह्मीच्या स्वतंत्र उगमाची बाजू मांडली. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, दंड आणि डावीकडचे दोन बाहू ही तीन अंगे पुढील सर्व रूपांत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात टिकून राहिली आहेत.

महाराष्ट्रात सोपारा येथील अशोकाच्या आज्ञालेखांचे अवशेष, नाणेघाटातील सातवाहनांचा लेख आणि अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावरील दानलेख यांतून ही प्राचीन लिपी पाहावयास मिळते. भोगवर्धनाचे नाव सांची येथील दानलेखांत येते; तेथील दात्यांपैकी काही जण या गावचे होते. १९७३ साली भोकरदन येथे झालेल्या उत्खननामुळे सातवाहनकालीन नगराचे स्वरूप स्पष्ट झाले. म्हणजे दूर सांचीच्या दगडावर ज्यांची नावे कोरली गेली, ते लोक या टापूतून गेलेले होते. पुरालेखांतील लिपी ही केवळ राजाज्ञेची नव्हती; व्यापारी, भिक्षू व गृहस्थ यांच्याही व्यवहारात ती होती, असे यावरून म्हणता येते.

इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत नाशिकसारख्या ठिकाणच्या लेण्यांतील लेखांत एक फरक स्पष्ट होतो. उभ्या दंडाच्या माथ्याशी जाडी येते आणि त्याचा पाय डावीकडे वळू लागतो. ‘अ’, ‘क’, ‘र’ या तिन्ही अक्षरांत हे वळण दिसते. छिन्नीला अशा वळणाची गरज नव्हती. उलट सरळ रेषा कोरणे तिला सोपे. हे वळण लेखणीचे आहे. लेखक प्रथम दगडावर अक्षरे लिहून देई आणि कोरक्या ती कोरी. त्यामुळे शाईने लिहिताना हाताला लागलेल्या सवयी दगडावर उतरल्या. माथ्यावरची जाडी म्हणजे लेखणी टेकताना उमटणारा शाईचा ठसा होय. पुढे शिरोरेषा म्हणून जी आपण ओळखतो, तिचे बीज या ठशात आहे.

पाचव्या शतकात वाकाटकांच्या ताम्रपटांत या ठशाचे जाणीवपूर्वक अलंकरण झालेले आढळते. प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर लहानशी चौकोनी पेटी येते. म्हणून या लिपीस पेटिकाशीर्षक लिपी असे नाव आहे. वा. वि. मिराशी यांच्या वाकाटकविषयक लेखनामुळे मराठी वाचकाला ती परिचित आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात हरिषेणाचा अमात्य वराहदेव याचा लेख आहे आणि जंजाळ्याजवळील घटोत्कच लेण्यातही त्याचाच लेख आहे. लेखणीच्या ओघात आपोआप घडलेले वैशिष्ट्य येथे शैली बनले. लिपीच्या इतिहासात अशी स्थित्यंतरे वारंवार घडतात : प्रथम साधनाची गरज, मग हाताची सवय आणि अखेरीस सौंदर्याची कल्पना.

अजिंठ्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. तेथे कोरलेल्या लेखांबरोबर रंगाने लिहिलेले लेखही आहेत. दुसऱ्या लेण्यात क्षांतिवादीच्या कथेच्या चित्राशी आर्यशूराच्या ‘जातकमाले’तील मजकूर कुंचल्याने लिहिलेला आहे. छिन्नी आणि कुंचला ही दोन साधने एकाच लेणीसमूहात शेजारी शेजारी पाहण्याची अशी संधी क्वचित लाभते.

३. पूर्वेकडे गेलेला ‘अ’

कुंचल्याचा उल्लेख आला की चिनी लेखनकलेशी तुलना अपरिहार्य ठरते. ती येथे अप्रस्तुतही नाही. सातव्या शतकात ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला होता. त्याने वर्णिलेला पूर्व सीमेवरील डोंगरातील विहार म्हणजे अजिंठा, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. अशा यात्रेकरूंच्या आणि चीनमध्ये गेलेल्या भारतीय आचार्यांच्या द्वारे बौद्ध ग्रंथांबरोबर भारतीय लिपीही पूर्वेकडे गेली. तिला तेथे ‘सिद्धम्’ असे नाव मिळाले.

या लिपीतील ‘अ’ला चीन व जपान येथील मंत्रयानी परंपरेत असाधारण स्थान लाभले. शुभाकरसिंह हा भारतीय आचार्य आठव्या शतकात चीनमध्ये आला. त्याच्या ‘महावैरोचनसूत्रा’वरील विवरणात अकार हा अनुत्पादाचा, म्हणजे सर्व पदार्थांच्या मुळात उत्पत्ती नसण्याचा, निदर्शक मानला आहे. ८०४ साली चीनमध्ये गेलेला जपानी भिक्षू कूकाई ८०६ साली परतला आणि त्याने शिंगोन पंथाची स्थापना केली. त्या पंथात कमळावर व चंद्रबिंबात लिहिलेल्या ‘अ’समोर बसून ध्यान करण्याची पद्धती आजही प्रचलित आहे. ज्या देशात हे अक्षर जन्मले तेथे त्याच्या ध्वनीचे तत्त्वज्ञान झाले. जेथे ते परके होते तेथे त्याच्या आकृतीचे ध्यान झाले.

लेखनकलेच्या दृष्टीने अधिक उद्बोधक गोष्ट अशी की, जपानमध्ये सिद्धम् अक्षरे दोन प्रकारे लिहिली जातात : एक केसांच्या कुंचल्याने, दुसरी चपट्या लाकडी लेखणीने. कुंचल्याचे तंत्र चिनी परंपरेचे आहे. तेथे रेषेची जाडी हाताच्या दाबावर अवलंबून असते. कुंचला टेकविणे, दाबणे, उचलणे या क्रियांवर त्या कलेचे सारे शास्त्र उभे आहे. ‘युंग’ या एका चिन्हाच्या आठ रेघांतून मूळ हस्तक्रिया शिकविण्याची तेथील पद्धती प्रसिद्धच आहे. लाकडी लेखणीने लिहिलेल्या सिद्धम्‌मध्ये मात्र रेषेची जाडी दाबावर नव्हे, तर लेखणीच्या धारेच्या दिशेवर अवलंबून राहते. हे तत्त्व आपल्या बोरूच्या जवळचे आहे.

४. बोरू, कागद आणि बाळबोध वळण

आठव्या शतकापासून दख्खनमध्ये नागरी वळण दिसू लागते. राष्ट्रकूट दंतिदुर्गाच्या शके ६७५ (इ. स. ७५४) च्या सामनगड ताम्रपटाचा या संदर्भात उल्लेख केला जातो. पुढे शिलाहार व यादव काळातील मराठी शिलालेख नागरीत आहेत. शं. गो. तुळपुळे यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या ग्रंथात त्यांचे संकलन केल्यामुळे भाषेच्या अभ्यासकांना ते सुलभ झाले. परंतु त्यांतील अक्षरवळणांकडे भाषिक रूपांइतके लक्ष आपण देत नाही.

या काळात ‘अ’च्या तीन अंगांचे परस्परसंबंध बदलले. डावीकडचे दोन बाहू वळणदार होऊन एकमेकांस जोडले गेले आणि ‘३’ या आकड्यासारखी आकृती तयार झाली. तिला दंडाशी जोडणारी मधली आडवी रेघ राहिली. माथ्यावरचे ठसे लांबत जाऊन अखंड शिरोरेषा झाली. प्राचीन ब्राह्मी ‘अ’ आणि आजचा मराठी ‘अ’ शेजारी ठेवले असता प्रथमदर्शनी त्यांत साम्य वाटत नाही. पण दंड, वरचा बाहू व खालचा बाहू यांचा क्रम लावला की संगती जुळते.

या वळणाचे सौंदर्य बोरूच्या कापात आहे. देवनागरीसाठी बोरूचे टोक तिरपे कापतात. लिहिताना त्याची धार वरच्या डाव्या बाजूकडून खालच्या उजव्या बाजूकडे अशी पडते. लेखणी याच दिशेने सरकली की रेषा बारीक उमटते. या दिशेला छेदून, म्हणजे वरून उजवीकडून खाली डावीकडे आली, की रेषा पूर्ण जाड होते. ‘अ’च्या डाव्या भागातील दोन वाट्या यानुसार पाहाव्यात. प्रत्येक वाटीचा वरचा उजवा खांदा बारीक आणि खालचा उजवा भाग भरदार दिसतो. कोठे जाडी द्यावयाची हे लेखकाने ठरविलेले नसते. लेखणीचा कोन ढळू न देणे हे त्याचे कौशल्य. कोन कायम राहिला की सबंध पोथीतील प्रत्येक अक्षरात जाडबारीकपणाची एकच लय राहते. चिनी लेखनकलेत एकेका चिन्हात लेखकाचा स्वभाव शोधतात. आपल्या पोथीलेखनाचा आदर्श याहून निराळा होता : हजारो अक्षरे एकाच हाताची आणि एकाच घोटीवपणाची वाटावीत, हा. या आदर्शामुळे पोथीलेखकाला कलावंत म्हणून नाव मिळाले नाही. परंतु कला नव्हती असे त्यावरून म्हणणे योग्य होणार नाही.

कागदाचा वाटाही विसरता कामा नये. दौलताबादजवळील कागजीपुऱ्यासारख्या ठिकाणी तयार होणारा हातकागद घोटून गुळगुळीत केला जाई. अशा पृष्ठावर काजळी व डिंक यांची शाई पसरत नाही आणि बोरू अडखळत नाही. दक्षिणेकडे ताडपत्रावर टोचणीने कोरून लिहिण्याची रीत होती. तेथे आडव्या सरळ रेघेने पान फाटण्याचा धोका असल्यामुळे अक्षरे गोलाईची झाली, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. शिरोरेषा असलेला आमचा ‘अ’ आणि गोलाकार कन्नड-तेलुगू ‘अ’ हे एकाच ब्राह्मी ‘अ’चे वंशज आहेत. त्यांच्यातील अंतरात लेखनपृष्ठाचा वाटा मोठा आहे.

५. पोथीतील ‘अ’ आणि पाठाचा प्रश्न

आता साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न. जुन्या पोथ्यांत शब्द सुटे लिहिलेले नसतात. ओळ सलग असते. शब्द कोठे तोडावा हे वाचकाने ठरवावयाचे असते. अशा सलग ओळीत स्वतंत्र ‘अ’ आला की तेथे बहुधा नवा शब्द सुरू झालेला असतो, कारण शब्दाच्या पोटात हे चिन्ह क्वचितच येते. संस्कृतात संधीमुळे शब्दारंभीचा अकार पुष्कळदा लोपतो. मराठीत शब्दाशब्दांतील संधी अनिवार्य नसल्यामुळे तो टिकतो. म्हणून मराठी पोथीत ‘अ’ ही शब्दविच्छेदाची एक विश्वसनीय खूण ठरते.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. नकारार्थी उपसर्ग म्हणूनही हाच ‘अ’ येतो. ज्ञान आणि अज्ञान, भेद आणि अभेद, कर्म आणि अकर्म यांत एका चिन्हाचेच अंतर आहे. प्रत करताना हे चिन्ह गळले किंवा शेजारच्या अक्षराचा भाग समजून चुकीचे वाचले गेले, तर अर्थ नेमका उलट होतो. संस्कृत वृत्तात असा दोष छंदोभंगावरून सहज लक्षात येतो. ओवीत तशी सोय नाही. ग्रंथातील ओवीच्या चरणांची अक्षरसंख्या बांधलेली नसल्यामुळे एक अक्षर कमी झाले तरी कानाला खटकत नाही. तत्त्वचर्चा करणाऱ्या ओवीबद्ध ग्रंथाच्या संपादकाला म्हणूनच केवळ अर्थावर विसंबून पाठ ठरविता येत नाही. त्या विशिष्ट लेखकाच्या हातचा ‘अ’ कसा आहे, त्याच्याशी घोटाळा होईल अशी कोणती अक्षरे त्या वळणात आहेत, हे त्याने आधी पाहिले पाहिजे. ही पाहणी मुद्रित प्रतीवरून होऊ शकत नाही.

महानुभाव ग्रंथांच्या बाबतीत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहून ठेवले. रवळोव्यासांच्या नावाशी निगडित असलेली सकळ लिपी ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध होय. या लिपींत चिन्ह व ध्वनी यांचा रूढ संबंध बदललेला असतो; दिसते एक अक्षर आणि वाचावयाचे दुसरे. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे आदी संशोधकांनी हा संकेत उलगडल्यानंतरच हे वाङ्मय पंथाबाहेरील अभ्यासकांपुढे आले. आकृती आणि ध्वनी यांचे नाते रूढीने बांधलेले असते, स्वभावसिद्ध नसते, हे भाषाविज्ञानातील तत्त्व या पोथ्यांनी शतकांपूर्वी व्यवहारात आणले होते. जाळीच्या देवाच्या यात्रेला जाणाऱ्या भाविकाला या लिपीची माहिती असेल वा नसेल. पण त्या परिसरातील महाविद्यालयात मराठी शिकविणाऱ्याला ती असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

पोथीची लिपी बाळबोध, तर व्यवहाराची मोडी. मोडीत लेखक प्रथम शिरोरेषा आखून घेतो आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरे लिहीत जातो. वेग हा येथील नियामक असल्यामुळे अक्षरांचे कोपरे गेले, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद उरला नाही आणि लेखकागणिक वळण बदलले. निजामी राजवटीत दरबारी व्यवहार प्रथम फारसीत व पुढे उर्दूत चालला, तरी मराठवाड्यातील खाजगी व गावपातळीवरील लेखनात मोडी टिकून होती. बाळबोध ‘अ’ ओळखणाऱ्याला मोडीतील ‘अ’ सरावाशिवाय ओळखता येत नाही. घरोघरच्या जुन्या कागदांच्या गाठोड्यांकडे आज आपण निरक्षरासारखे पाहतो, याचे कारण हेच होय.

६. खिळ्यांचा ‘अ’ आणि अ-ची बाराखडी

मुद्रणाने अक्षराला प्रथमच स्थिर रूप दिले. सेरामपूर येथे विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली देवनागरी खिळ्यांत छापले गेले. त्याचा १८१० चा कोश मात्र मोडी खिळ्यांत होता. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम याने देवनागरी खिळे सुधारले. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने १८६९ पासून देवनागरी मुद्रणाचा जो दर्जा प्रस्थापित केला, त्यामागे राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या मातृका घडविणाऱ्या कारागिरांचे श्रम होते. निर्णयसागरच्या ‘अ’मध्ये बोरूची जाडबारीक लय पोलादाच्या ठशात उतरली. दगडावर लेखणीचे वळण जसे उतरले होते, तसेच हे घडले. नवे साधन आरंभी जुन्या साधनाचे अनुकरण करते.

खिळ्यांच्या पेटीने एक नवा प्रश्न उभा केला. देवनागरीच्या खिळ्यांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते. ती कमी कशी करावी? या प्रश्नाला वि. दा. सावरकरांनी दिलेल्या उत्तराच्या केंद्रस्थानी ‘अ’ आहे. व्यंजनाला जशी वेलांटी, उकार, मात्रा लागते तशीच ती ‘अ’ला लावावी आणि इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही स्वतंत्र स्वरचिन्हे काढून टाकावीत, अशी ही ‘अ’ची बाराखडी. ‘किर्लोस्कर’ मासिकाने तिचा अवलंब केला. काका कालेलकरांच्या नेतृत्वाखालील नागरी लिपिसुधार समितीनेही ती उचलून धरली. विनोबांच्या व नवजीवन प्रकाशनाच्या पुस्तकांतून ती अनेकांच्या पाहण्यात आली. उत्तर प्रदेशात १९४७ साली नेमलेल्या नरेंद्र देव समितीने मात्र ती नाकारली.

या सूचनेस परंपराविरोधी ठरविले गेले. लिपीचा इतिहास पाहता हा आक्षेप टिकत नाही. ब्राह्मीत ‘इ’ म्हणजे तीन टिंबे, ‘ए’ म्हणजे त्रिकोण आणि ‘ओ’ हा ‘उ’च्या चिन्हापासून साधलेला होता. तो जुना ‘ओ’ आज केवळ ‘ॐ’ या चिन्हात राहिला आहे, असे मानले जाते. देवनागरीने पुढे हा ‘ओ’ टाकून ‘अ’ला काना-मात्रा देऊन नवा ‘ओ’ घडविला. औ, अं, अः यांचीही रचना तीच. गुजरातीने तर ‘ए’ आणि ‘ऐ’ हेही ‘अ’वरच उभारले. म्हणजे ज्या दिशेने लिपी स्वतःच अर्धी वाट चालून गेली होती, तीच वाट सावरकर पूर्ण करू पाहत होते. सूचना नाकारली गेली ती परंपरेला विसंगत होती म्हणून नव्हे. वाचकाचा डोळा मुद्रणाच्या शंभर वर्षांत एका रूपाला सरावला होता म्हणून. स्थिर रूपाची सवय हीच मुद्रणाची खरी देणगी, आणि तीच त्याची मर्यादा.

७. प्रमाणरूपाचा निर्णय

उत्तरेकडील देवनागरीत ‘अ’चे वळण निराळे होते. त्यात डाव्या भागाला आपल्या ‘३’ या आकड्यासारखा आकार नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिंदी मुद्रणात ते सर्रास आढळते. हिंदीसाठी प्रमाण देवनागरी निश्चित होताना ‘अ’, ‘झ’ आणि ‘ण’ यांची मराठी मुद्रणातील वळणे स्वीकारली गेली. ‘ल’ आणि ‘श’ यांची मात्र उत्तरेकडील वळणे राहिली. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही वळणे मान्य केली. २०२२ साली या विषयावर सुधारित निर्णय निघाला. देठ, पाकळी, गाठ, दंड हे शब्द येथे लक्षात घेण्यासारखे आहेत. अक्षराच्या अवयवांसाठी मराठीत स्वतःची परिभाषा आहे आणि अध्यापनात ती वापरता येते.

२००९ च्या निर्णयातील दुसरी गोष्ट प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहे. इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठी ‘ॲ’ हा स्वर वर्णमालेत घेतला गेला. हे चिन्ह म्हणजे ‘अ’वर अर्धचंद्र. युनिकोड या जागतिक संगणकीय संकेतप्रणालीत ‘ए’वर आधारलेले ‘ऍ’ पूर्वीपासून होते. मराठी वळणाचे ‘ॲ’ २००८ साली त्यात समाविष्ट झाले. अ-ची बाराखडी चळवळ म्हणून मागे पडली. पण भाषेला नव्या स्वराची गरज भासली, तेव्हा चिन्ह घडले ते ‘अ’लाच खूण जोडून.

संगणकाने ‘अ’च्या इतिहासात आणखी एक पालट घडविला. युनिकोडमध्ये ‘अ’ला एक क्रमांक आहे, त्याचे वळण मराठी असो वा जुने उत्तरी, क्रमांक एकच. सकळ लिपीत ओळखीच्या आकृतीला दुसराच ध्वनी दिला जाई. येथे एका ओळखीला कितीही आकृती देता येतात. यामुळे अक्षररचनाकार मुक्त झाला. आयआयटी मुंबईत अध्यापन केलेल्या र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी हस्तलेखनाचा अभ्यास आणि संगणकीय अक्षरसंच यांची सांगड घातली. ‘मंगल’ हा सर्वत्र पोचलेला अक्षरसंच त्यांच्या हातचा आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या व नियतकालिकांच्या शीर्षकांतून अक्षराला आशयाचा चेहरा दिला. अच्युत पालव यांनी मोडीच्या अभ्यासातून सुलेखनाची नवी वाट काढली. पोथीलेखकाला न मिळालेले कलावंतपण अक्षरकाराला असे उशिरा, पण निश्चितपणे मिळाले.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. ‘अ’च्या आकृतीत एकच सरळ विकासरेषा नाही. छिन्नी, बोरू, कुंचला, खिळा आणि संगणक यांनी प्रत्येकी तिला आपले वळण दिले. शिवाय प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी निवड केली : कधी ताम्रपटाच्या लेखकाने, कधी पंथाने, कधी मुद्रकाने, कधी शासनाने. यास्तव केवळ एका अक्षराच्या वळणावरून पोथीचा काळ ठरविणे सयुक्तिक नाही. कागद, शाई, इतर अक्षरे व पुष्पिका यांची जोड हवी. परंतु अक्षराचे वळण न पाहता पाठ ठरविणे त्याहूनही असयुक्तिक आहे.

यातून निघणारी सूचना व्यावहारिक आहे. प्राचीन मराठी साहित्य ज्या वर्गांत शिकविले जाते तेथे एका तरी मूळ हस्तलिखिताच्या पानाचे छायाचित्र विद्यार्थ्यांपुढे ठेवावे आणि त्यांच्याकडून एकाच अक्षराच्या सर्व आवृत्त्या त्या पानावरून उतरवून घ्याव्यात. आरंभासाठी ‘अ’ उत्तम. तो थोड्या ठिकाणी येतो, शब्दाची सीमा दाखवितो आणि चुकल्यास अर्थ उलटा करतो. धावड्यासारख्या गावातील विद्यार्थ्याला तर यासाठी दूरच्या संग्रहालयावर अवलंबून राहण्याचेही कारण नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली अक्षरे अजिंठ्याच्या भिंतीवर आहेत आणि मोडीतले कागद कदाचित त्याच्या स्वतःच्या घरातील पेटीत असतील. ते वाचता येण्याची पात्रता त्याला देणे, हे मराठीच्या अध्यापकाचे काम आहे.